झुडपांच्या बदली जळण

सौदीतल्या तबूक शहराबाहेरच्या एका डोंगरउतारावर गुडघ्याएवढी काही झुडपं होती. नव्या रस्त्यासाठी सर्वेक्षण करताना आम्हाला ती दुसरीकडे कुठेच सापडली नाहीत. सर्वेक्षणाच्या अहवालात त्यांच्यापुढे 'अतिसंकटग्रस्त' असा शेरा पडला. रस्ता वळवला गेला, कुंपण आलं, पाटी आली आणि राखण माझ्याकडे आली.

कुंपणाचा उपयोग शून्य. हिवाळ्यात तबूकला कडाक्याची थंडी पडते, आणि शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, घरंच्या घरं वाळवंटात शेकोट्या पेटवायला निघतात. या झुडपाचं मूळ जाड, जळतं छान. तार वाकवायला कितीसा वेळ लागतो?

मग मी सरळ हिशेब केला. यांना जळण हवं, तर जळण द्यावं. बाजारातून लाकडाची पोती घ्यायची, पिकअपमध्ये टाकायची आणि शुक्रवारी दुपारीच उतारावर जाऊन उभं राहायचं. गाडी आली की पोतं पुढे करायचं. लोक हसायचे, पण घ्यायचे. दोन हिवाळे एकही झुडूप उपटलं गेलं नाही.

त्यानंतर सौदीकरणात माझं पद स्थानिकांसाठी राखीव झालं. इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, वाढणार नव्हता. त्याचं मला फार वाटलं नाही. त्यांचा देश, त्यांची मुलं. माझ्या जागी नेमलेल्या तरुणाला मी सगळं समजावलं: लाकडाचं दुकान, गाडी उभी करायची जागा, कुठली कुटुंबं नेहमी येतात. त्यानं अदबीनं ऐकून घेतलं.

"मुहंदिस," म्हणजे इंजिनिअर, तो खाली बघत म्हणाला, "मला महिन्यातून एकदा सहीला बोलावलंय. साइटवर येऊ नको म्हणाले. गाडीही नाही."

मी आमच्या प्रकल्पाच्या साहेबांना गाठलं. राखणदार नेमलाय असं अहवालात आहे, तेवढं पुरे, असं त्यांनी हिंदीत सांगितलं आणि फोन उचलला.

शेवटच्या शुक्रवारी नेहमीचे एक आजोबा नातवंडांना घेऊन आले होते. त्यांनी मला चहा दिला. मी पोतं उतरवलं आणि मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, आता खलास, पुढच्या वेळी लाकूड घरून आणा.

"घरी कुठलं लाकूड?" ते म्हणाले. "तू देतोस म्हणून आम्ही विकत घेणंच सोडलं."

माझा चेहरा बघून त्यांना वाईट वाटलं असावं. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, दुसरा झुडपांकडे केला.

"काळजी करू नकोस. इथे पुष्कळ आहे."