आठ दिवस ठेवून जा

दिनू गेल्याची बातमी मला पुण्याहून कळली. एकाच शहरात तो राहायचा सक्करदऱ्यात, मी धरमपेठेत, आणि बातमी आली ती पुण्याच्या ट्रंक कॉलवर, माझ्याच मुलीकडून! त्याच्या कुठल्याशा विद्यार्थ्याने तिला सकाळीच कळवलं होतं. "बाबा, तुम्हाला माहीतच नाही?" शालू रडत रडत म्हणाली. इतकी वर्षं एकाच इंजिनिअरिंग कॉलेजात शेजारच्या टेबलावर बसलेला माझा मित्र गेला, आणि माझ्या मनात पहिलं काय आलं? की बघा, जातानाही हा पठ्ठ्या आधी पोरांना सापडला... दुःख मागाहून आलं. आलं ते मात्र अजून हललेलं नाही.

दिनू काटोलकडच्या शेतकऱ्याचा मुलगा. शेवटच्या वर्षाची मुलं दर उन्हाळ्यात स्वतः डिझाइन करून जी यंत्रं आणायची, त्यांना मार्क देण्याचं काम आम्हा दोघांकडे होतं. माझी पद्धत म्हणजे चार भल्या माणसांची पद्धत. नकाशे पाहावेत, गणित तपासावं, दोन-चार प्रश्न विचारावेत आणि आकडा टाकून मोकळं व्हावं. हा म्हणायचा, "आठ दिवस माह्या घरी ठेवून जा. वापरून पाहातो." आणि खरोखरच वापरायचा हो! कुणाची बिनधुराची चूल, कुणाची घडीची खाट. एक खाट तर त्याच्यासकट मिटली, तेव्हा त्याची बायको, आमच्या कमलवहिनी, आधी पोटभर हसल्या आणि मग त्याला सोडवायला शेजाऱ्यांना हाक मारली. संध्याकाळी त्याच्या अंगणात पोरांचा गराडा, वहिनींचे पोहे आणि हुज्जतच हुज्जत. माझ्याकडे पोरं यायची ती सही घ्यायला. जळायचो मी. जळून कोळसा व्हायचो म्हणा ना. एकदा न राहवून विचारलंच, "अबे, मार्क तर मीही देतो, मग सारी पोरं तुझ्याच दारात काहून?" तर म्हणतो कसा, "तू तं त्याहिले पास करून मोकळा होतं. मी भांडतो."

पुढे शालू आमच्याच कॉलेजात शेवटच्या वर्षाला आली. पोरीला बापाने मार्क देणं बरं दिसत नाही, म्हणून तिचा कूलर गेला दिनूकडे, ऐन मे महिन्यात. त्याआधी तिने तो मला दाखवला होता. वर पाण्याची टाकी, तिथून पाणी आपोआप वाळ्याच्या ताट्यांवर झिरपायचं, पंपाची गरजच नाही. खोली पाहता पाहता गार! मी म्हटलं, "उत्तम!" ती "बरं" म्हणाली आणि पाना-पक्कड गोळा करून निघून गेली. आता लेकीला उत्तम म्हणू नये तर बापाने काय म्हणावं?

आठ दिवसांनी दिनूने तिला बोलावलं. मीही सोबत गेलो, मला कुठे राहवतंय! दिनू म्हणाला, "थंडा तं मस्त करते वं पोरी. पण टाकी भरायले तुही काकू स्टुलावर चढून चढून थकली. बादली किती वर उचला लागते, पाह्यलं का?"

"काका, टाकी खाली घेतली तर पंप लागेल!"

"मंग लाव."

"मग माझ्या डिझाइनमध्ये उरलं काय?"

झालं! फरशीवर खडूने रेघा ओढत दोघं दिवेलागणीपर्यंत भांडले. मी खुर्चीत नुसता पाहुण्यासारखा. मार्क पडले बावन्न. बावन्न! माझी पोरगी, वर्गात पहिली येणारी! आणि घरी परतताना ही बया सायकलवर चक्क गात होती. माझ्या "उत्तम"वर ती कधी गायली नव्हती. त्या दिवशी मी जेवलो नाही. बायकोला सांगितलं, पोटात दुखतंय... ते काही खोटं नव्हतं.

तेरवीला शालू आली. वहिनींच्या गळ्यात पडून अशी रडली, की मी बाजूला बसून विचार करत होतो, माझ्यामागे ही एवढी रडेल का? या वयात माणसाने असलं काही मनात आणू नये म्हणतात. येतं त्याला काय करणार?

दुसऱ्या दिवशी आमच्या घरी ती एक गुंडाळी घेऊन बसली होती. पुण्यात ती दवाखान्याचं सामान बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइन करते. वॉर्डात जेवण वाटायच्या ढकलगाडीचा नकाशा होता. "काकांना दाखवायला काढला होता," म्हणाली. मग दुसरं कुणी नाही म्हणून माझ्यासमोर पसरला.

नकाशा देखणा होता. उत्तम हा शब्द जिभेवर आलाच होता... पण मी गाडी ढकलून पाहिली, मनातल्या मनात. म्हटलं, "ब्रेक पायाशी, तोही आतल्या बाजूला. साडीतल्या नर्सला दिसणार कसा?"

"सवय होते, बाबा."

"आणि पहिल्या दिवशी?"

शालूने झटकन वर पाहिलं. "बाबा, तुम्हाला वॉर्डातलं काही कळत नाही!" आणि जी सुरू झाली! आईला साडीत उभं करून ब्रेक म्हणून ठेवलेला पाट पायाने शोधायला लावला, पेन्सिलीने माझी बोटं बाजूला सारली, आवाज चढवला. चहा निवून गेला. मीही हटलो नाही. शेवटी आमची ही वैतागून म्हणाली, "काहून भांडून राहिले तुम्ही बापलेक?"

पोरगी आयुष्यात पहिल्यांदा माझ्याशी भांडत होती. मला इतका आनंद झाला की काय सांगू. आणि त्या आनंदातही दिनूचा हेवा काही सुटला नाही. मला हे एकदा मिळालं. त्याला दर उन्हाळ्यात मिळत होतं.