शेवटचा फर्मा

सत्यशीलाचा राग भडकणारा नव्हता. भडकणारा राग बरा, तासाभरात विझतो तरी. तिचा राग बरणीतल्या लोणच्यासारखा मुरत जायचा आणि मुरेल तसा झणझणीत व्हायचा. नवऱ्याला, आनंदला, हे लग्नाच्या पहिल्या वर्षातच कळलं होतं. आप्पासाहेबांना कळायला जरा वेळ लागला.

आप्पासाहेब म्हणजे पुस्तक-भिशीचे सर्वेसर्वा. मंडईमागच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचा ब्लॉक होता. सरकारी नोकरीतून सन्मानाने निवृत्त झालेले, बायको जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा अमेरिकेत. पुण्यात त्या सुमारास बहुतेकांचा मुलगा अमेरिकेतच असायचा, त्यामुळे त्यांनाही त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. विशेष वाटायचं ते आपल्या वाचनाचं. ऐतिहासिक कादंबरी हीच खरी कादंबरी, बाकी सगळा वेळ घालवण्याचा उद्योग, असं त्यांचं ठाम मत होतं आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या घरात चहा मिळत नसे.

भिशीची पद्धत साधी होती. सभासद आठ. वर्गणी काढायची, चिठ्ठी टाकायची, ज्याचं नाव निघेल त्याने हवी ती कादंबरी विकत आणायची. आधी त्याने वाचायची आणि मग ती घरोघर फिरायची, प्रत्येकाकडे एक आठवडा. शेवटच्याने ती बैठकीला घेऊन यायची. त्या दिवशी सगळ्यांनी मतं मांडायची, आणि सर्वांत शेवटी, जिने किंवा ज्याने पुस्तक निवडलं, त्या माणसाने कादंबरीचं अखेरचं पान मोठ्याने वाचून दाखवायचं. मग पुस्तक त्याचं. चर्चेच्या दिवसापर्यंत शेवट कुणी फोडायचा नाही, हा एकच कडक नियम. तो आप्पासाहेबांनीच केलेला.

सत्यशीला या भिशीत आली ती टेलिफोनमुळे. नागपूरहून बदली होऊन ती पुण्याच्या टेलिफोन खात्यात आली आणि आप्पासाहेबांचा बंद पडलेला फोन तिने दोन दिवसांत सुरू करून दिला. तेव्हा फोनवाल्या माणसाला लोक देवाखालोखाल मानायचे. बोलता बोलता वाचनाचा विषय निघाला आणि त्यांनी तिला बोलावलं. टेलिफोनशेजारची, स्वतःच्या डावीकडची खुर्चीही दिली. पुढे खिशाखिशात मोबाइल आले, खात्याची ओळख कुणाला लागेनाशी झाली. खुर्ची मात्र तिचीच राहिली, कारण पुस्तकं फिरण्याचा क्रम खुर्च्यांवरून ठरायचा आणि क्रम बदलणं आप्पासाहेबांना जमत नसे.

वाचन तिच्या घरातच होतं. वडील रेल्वेत. दसऱ्याला ते सगळ्यांना दीक्षाभूमीवर न्यायचे आणि तिथल्या दुकानांतून पिशवीभर पुस्तकं आणायचे. एखाद्या वर्षी नवे कपडे राहिले तरी चालायचं, पुस्तकं राहिलेली चालायची नाहीत. पुस्तक जमिनीवर ठेवलं तर त्यांचा आवाज चढायचा, पान दुमडलं तर जेवण गोड लागायचं नाही. अशा घरातून आलेली बाई भिशीचं पुस्तकही वर्तमानपत्राचं कव्हर घालून आणायची, यात नवल नव्हतं.

तिच्या नावाची चिठ्ठी निघाली तेव्हा तिने एक विज्ञान कादंबरी आणली. एका अवकाशयानात शेकडो माणसं पेट्यांमध्ये गाढ झोपलेली आहेत आणि एक परिचारिका एकटी जागी राहून आयुष्यभर त्यांची देखभाल करते, अशी गोष्ट. सत्यशीलाला ती इतकी आवडली होती की शेवटचं पान कसं वाचायचं, कुठे थांबायचं, याची तिने धायरीच्या फ्लॅटमध्ये आनंदला समोर बसवून तालीम केली होती.

पुस्तक पिशवीतून बाहेर निघालं आणि आप्पासाहेब हसले.

"ही होय? मी वाचलीय लायब्ररीतून. शेवटी सगळ्या पेट्या रिकाम्या निघतात. ती बया आयुष्यभर रिकाम्या पेट्या पुसत असते."

सगळे खो खो हसले. सत्यशीलाने म्हटलं, "आप्पासाहेब, शेवट फोडायचा नाही असं आपणच ठरवलंय ना?"

"अहो, हा काय शेवट आहे? हा पोरखेळ. पुढच्या वेळी काहीतरी भारदस्त आणा. ऐतिहासिक आणा." मग चहाचा कप उचलता उचलता ते म्हणाले, "अर्थात, तुमच्याकडे वाचन जरा वेगळ्या पठडीतलं असतं म्हणा."

'तुमच्याकडे' म्हणजे टेलिफोन खात्यात नव्हे आणि नागपुरातही नव्हे, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. कुणी चिवड्यातले शेंगदाणे वेचत राहिलं, कुणी पंख्याकडे पाहिलं. शेजारी बसलेली चैताली, हिंजवडीच्या कंपनीत काम करणारी, एरवी सगळ्यांशी तावातावाने भांडणारी मुलगी, तीही मोबाइलमध्ये डोकं घालून बसली.

पुस्तक आठ घरं फिरून आलं ते जसंच्या तसं, एकाही घराची खूण अंगावर नसलेलं. चर्चेच्या दिवशी सगळ्यांनी एकच सांगितलं, "शेवट माहीत होता ना, मग मजा गेली." आणि विषय उड्डाणपुलावर गेला. तिला शेवटचं पान वाचायला कुणी सांगितलंच नाही.

"काहून इतकं मनाला लावून घेतेस?" आनंद म्हणाला. "सोडून दे ना ती भिशी."

"सोडेन. फेडल्यावर सोडेन."

फेडायची संधी यायला वर्ष गेलं. आप्पासाहेबांच्या नावाची चिठ्ठी निघाली आणि त्यांनी आणली ती त्यांच्या जिवाभावाची कादंबरी. तरुणपणी वाचलेली, बरीच वर्षं बाजारात नसलेली, आता नव्याने छापलेली. वेढ्यात सापडलेल्या एका किल्लेदाराची गोष्ट. पुस्तक हातात घेऊन बोलताना त्यांचा आवाज कापरा झाला. "शेवट मी सांगणार नाही. पण ती शेवटची सोळा पानं… मराठीत तसं लिहिलेलं दुसरं नाही. बघाच तुम्ही."

सोळा पानं. सत्यशीलाने तो आकडा ऐकला आणि तिच्या मनात काहीतरी जागच्या जागी बसलं. शिवलेल्या बांधणीत सोळा पानांची एकेक जुडी असते, छापखान्यात तिला फर्मा म्हणतात. दोरा कापला की जुडी अख्खी बाहेर येते.

क्रमाने पुस्तक आप्पासाहेबांनंतर तिच्याकडेच आलं. तिने ते आधी पूर्ण वाचलं, कारण न वाचता पुस्तकाचा सूड घेणं तिच्या बापाला आवडलं नसतं. वेढा वाचताना तिच्या कपाळावर आठी होती. शेवटचा फर्मा सुरू झाला आणि आठी कधी गेली ते तिला कळलंच नाही. किल्लेदार मरत नाही. किल्ल्यावरची सगळी माणसं गेलेली असतात, राजाचा तह कधीच झालेला असतो, या किल्ल्याची कुणाला आठवणही उरलेली नसते. आणि वेढा घालून बसलेला सरदार एकटाच चढून वर येतो. मारायला नाही, विचारायला. त्या दिवशी दरवाजा का उघडला नाहीस? सुरुंग कसा ओळखलास? दोघे वैरी समोरासमोर बसून एकमेकांना तो वेढा सांगत राहतात, कारण जगात तो ठाऊक असलेली ती दोनच माणसं असतात.

सत्यशीला रडली. मग डोळे पुसले, शेवट पुन्हा वाचला, पुन्हा रडली. आणि ब्लेड घेऊन दोरा कापला.

पुस्तकाला हत्यार लावणं तिच्या संस्कारांत नव्हतं, हे खरं. पण त्यांनी माझा शेवट खाल्ला, मी त्यांचा खाणार, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं. सहाजणांनी अर्धवट पुस्तक वाचायचं, चडफडायचं, आणि अखेर आप्पासाहेबांनी मोठ्या ऐटीत शेवटचं पान उघडायला जावं तर ते नसावं! फर्मा तिने ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवला. पुस्तक आता एका वाक्याच्या मध्यात संपत होतं: 'किल्लेदाराने दिंडी-दरवाजाचा अडसर काढला आणि'.

पुढच्या घरून तक्रार येईल म्हणून तिने उत्तर तयार ठेवलं होतं, छापखान्याची चूक असेल म्हणून. तक्रार आली नाही. त्याच्या पुढच्या घरूनही आली नाही. पुस्तक एकेक आठवडा करत फिरत राहिलं आणि टेलिफोन खात्यात काम करणारी सत्यशीला फोन वाजण्याची वाट बघत राहिली.

बैठकीला ती फर्मा पर्समध्ये घालून गेली. आप्पासाहेबांनी त्या दिवशी इस्त्रीचा झब्बा घातला होता आणि चिवड्याबरोबर बाकरवडीही होती. नुकतीच बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले बद्रीनाथ क्रमाने शेवटचे, त्यांनी पुस्तक आणून आप्पासाहेबांच्या हाती दिलं.

"काय लेखणी हो!" बद्रीनाथ म्हणाले. "शेवटी तर डोळ्यांतून पाणी आलं."

"एंडिंग म्हणजे गूजबम्प्स, सर," चैताली म्हणाली. "सीरियसली. दोन दिवस डोक्यातून जात नव्हतं."

एकामागून एक सगळे बोलले. प्रत्येकाला शेवट हृदयस्पर्शी वाटला होता. कुणीतरी किल्लेदाराच्या बलिदानाविषयी बोललं, तेव्हा आप्पासाहेब क्षणभर अडखळले, मग म्हणाले, "बलिदान… हो, एका अर्थी तसंही म्हणता येईल." इतका समजूतदारपणा त्यांनी आयुष्यात कुणाला दाखवला नसेल. चष्मा काढून त्यांनी डोळे टिपले. आपलं पुस्तक इतक्या घरांत पोचलं, या आनंदात ते अगदी लहान दिसत होते.

सत्यशीला मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. सहाच्या सहा जण खोटं बोलत होते. अडसर काढला 'आणि' काय झालं, हे विचारावंसं एकालाही वाटलं नव्हतं.

"आता शेवटचं पान," आप्पासाहेब म्हणाले आणि त्यांनी पुस्तक मागून उघडलं.

एक पान उलटलं. परत उलटलं. पुस्तकाच्या शिवणीवरून बोट फिरवलं. मग शांतपणे विचारलं, "बद्रीनाथराव, शेवटी किल्लेदार काय करतो हो?"

"म्हणजे… देह ठेवतो ना. वीरमरण."

"चैताली?"

"सर, ॲक्चुअली, लास्टचा पार्ट मी थोडा स्किम केला. आमच्या सॉफ्टवेअरची रिलीज होती ना."

बाकीच्यांना त्यांनी विचारलं नाही. सत्यशीलाने पर्स उघडली आणि सोळा पानांची जुडी चिवड्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"कधी काढलंत?" आप्पासाहेबांनी विचारलं.

"माझ्याकडे आलं तेव्हा. तुमच्यानंतर लगेच. त्यानंतर ते सहा घरं फिरलं."

आप्पासाहेबांनी सहाही चेहरे बघून घेतले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, "पुस्तक फाडणारं माणूस या घरात आजवर आलं नव्हतं."

"फाडलं नाही. दोरा कापलाय, पुन्हा शिवता येईल. तुम्ही माझ्या पुस्तकाचं जे केलंत ते शिवता येत नाही. आणि आमच्याकडे, आप्पासाहेब, पुस्तक शेवटपर्यंत वाचतात."

हे वाक्य तिने वर्षभर जपून ठेवलं होतं. बोलून झालं आणि तिला अपार बरं वाटलं. त्यांचा चेहरा पडला, अगदी तिला हवा होता तसा पडला.

बाकीचे चपला शोधत, काहीतरी पुटपुटत निघाले. बद्रीनाथ ज्या घाईने जिना उतरले, त्या घाईने त्यांनी बँकही सोडली नसेल. सत्यशीलाही उठली.

"तुम्ही थांबा जरा," आप्पासाहेब म्हणाले. जुडी त्यांनी उचलून गुडघ्यावर घेतली होती आणि तिच्या कडा सारख्या करत होते. "ती तुमची परिचारिका. पेट्या रिकाम्या आहेत हे तिला आधीपासून माहीत असतं, असं मला दोनदा वाचल्यावर वाटलं. तुम्हाला काय वाटतं?"

दोनदा. ज्याला पोरखेळ म्हणाले, ती त्यांनी दोनदा वाचली होती. हाच प्रश्न तिला वर्षभर कुणाला तरी विचारायचा होता. तिने पर्सची चेन लावली.

"बरं, ते राहू दे. हा शेवट वाचलात ना तुम्ही? त्या सरदाराचं… तो वर येतो ते…" त्यांनी जुडीवरून हात फिरवला. "कसा वाटला?"

ते खरोखर विचारत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते कुणाचं तरी मत ऐकायला थांबले होते. सांगण्यासारखं तिच्याजवळ इतकं होतं की चहाचे चार कप पुरले नसते. सरदार विचारतो ती पहिली ओळ तिला पाठ होती.

"आठवत नाही," ती म्हणाली. "आमच्याकडे वाचन वेगळ्या पठडीतलं असतं."

आणि ती जिना उतरली.

स्वारगेटला धायरीची बस भरलेली होती, तरी खिडकीची जागा मिळाली. फिटलं, ती मनाशी म्हणाली. पै न पै फिटलं. सिंहगड रस्त्याला लागेपर्यंत ती हेच म्हणत राहिली. मग तिला तो सरदार आठवला, दम खात गड चढणारा, आणि कुणाला तरी त्याच्याबद्दल सांगावं असं तिला इतकं अनावर वाटलं की तिने शेजारी पाहिलं. शेजारचा माणूस झोपला होता. पलीकडचाही. भिशीतले सहाजण तिने एकेक करून आठवून पाहिले. पेट्या रिकाम्याच होत्या. मंडईमागची एक तेवढी भरलेली होती, आणि तिचं झाकण ती आत्ताच लावून आली होती.

घरी आनंदने विचारलं, "फिटलं काय?"

"फिटलं," ती म्हणाली, आणि पोळ्यांसाठी कणीक काढायला आत गेली.