उघड्या डोळ्यांचा फोटो

बाबांचा डोळे उघडे असलेला एकही फोटो आमच्या घरात नव्हता. लग्नाच्या अल्बममध्ये ते डोळे मिटून हार घालतायत, डोळे मिटून घास भरवतायत आणि शेवटच्या पानावर डोळे मिटून सगळ्यांचा निरोप घेतायत. होमाचा धूर फार झाला होता, असं ते सांगतात. मग माझ्या बारशाला कुठला होम होता, असं आई विचारते. गंमत म्हणजे बाबांनी गिरणीत आयुष्य काढलं ते कापड तपासायच्या खात्यात. दिवसभर ताग्यावर डोळे लावून कुठे सुटलेला धागा दिसतोय का ते बघायचं, एवढंच त्यांचं काम. कापडापुढे कधी न मिटलेले डोळे कॅमेरा दिसला की मिटायचे.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती. लालबागच्या चाळीतल्या त्याच खोलीत दोघं अजून राहतात. मी माहीमला राहते आणि रविवारी त्यांच्याकडे जाते. एका रविवारी आईने चहाचा कप माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मला आमच्या दोघांचा एक मोठा फोटो करून दे. ह्यांचे डोळे उघडे असलेला. अल्बम बघितला की वाटतं, पन्नास वर्षं झोपलेल्या माणसाबरोबर संसार केला."

"मी डोळे मिटूकच नाय कधी," बाबा कॉटवरून म्हणाले. चिडले की ते मालवणीत शिरतात. "तुमचो कॅमेरोच तसलो."

कॅमेरा माझा होता. चाळिशीनंतर बायका योगासनं किंवा भजनी मंडळ धरतात, मी कॅमेरा धरला. तोवर मी मुंग्या, पानांवरचं पाणी आणि वांद्र्याचा सूर्यास्त यांचे बरेच फोटो काढले होते. मुंगीला आपलं नाक कसं आलंय याची काळजी नसते, हे मात्र मला माणसांचे फोटो काढायला लागल्यावर कळलं.

पुढच्या रविवारी दोघांना कॉटवर शेजारी शेजारी बसवलं. आईने हिंदमाताच्या बाजारातून आणलेली नवी जांभळी साडी नेसली होती. कॅमेऱ्याबरोबर आलेली लेन्स होती, ती मी पूर्ण रुंद केली, कारण त्याशिवाय दोघं मावत नव्हती, आणि हातभर अंतरावरून, कॅमेऱ्याचाच बारका फ्लॅश लावून फोटो काढला. बाबांचे डोळे अर्थातच मिटलेले. पण आईचं लक्ष तिकडे गेलंच नाही.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"तू."

"हे नाक?"

जवळून रुंद लेन्सने फोटो काढला की जे कॅमेऱ्याला जवळ ते मोठं दिसतं आणि लांबचं बारीक होतं, असं मी तिला समजावलं. नाक जवळ, कान लांब. आईने चष्मा लावून परत पाहिलं. "माझं नाक भरताच्या वांग्याएवढं झालंय. आणि कान कुठे गेले?" मग तिने तो फोटो माझ्यासमोर, माझ्याच हातून डिलीट करून घेतला. नंतर डिलीट केलेल्या फोटोंची पेटी असते म्हणे, तिथूनही काढायला लावला.

म्हणून मी फोर्टातल्या एका दुकानात गेले. नवरा बरोबर होता. आधीच्या लेन्सला काय झालं, हे तो स्टेशनपासून विचारत होता. दुकानातला माणूस फार अदबीचा. चेहऱ्यासाठी पंच्याऐंशी मिलिमीटरचीच लेन्स घ्या मॅडम, नाकडोळे जिथल्या तिथे राहतात, मागचं सगळं धूसर होतं, असं म्हणून त्याने ती हातात दिली. ती कॅमेऱ्यावर चढवून मी नवऱ्याकडे बघितलं तर त्याच्या पापणीचा केस न् केस मोजता येत होता. मी तिथेच प्रेमात पडले, म्हणजे लेन्सच्या. दुकानदाराने कॅमेरा कोणता, फोटो कोणाचे, सगळं विचारलं. खोली केवढी आहे, ते मात्र विचारलं नाही.

दहा बाय बाराच्या खोलीत पंच्याऐंशीची लेन्स लावून मी दारापाशी उभी राहिले, तेव्हा मला बाबांचा एक कान आणि आईचं अर्धं कुंकू दिसलं. मी एक पाऊल मागे गेले. मग उंबरा ओलांडला. मग पाठ गॅलरीच्या कठड्याला टेकली, तेव्हा कुठे समोरच्या भिंतीपाशी स्टुलांवर बसवलेली दोघं कमरेपासून वर नीट मावली. नाकं छान होती. कानही परत आले होते.

पण आता माझ्या आणि त्यांच्या मध्ये गॅलरी होती. चाळीतली गॅलरी म्हणजे रस्ताच. त्याच्या टोकाला सगळ्यांचे संडास आणि नळ. मी कॅमेरा डोळ्याला लावला की कोणीतरी बादली घेऊन यायचं आणि माझ्यापुढे थांबायचं. "काढ काढ, मी थांबतो," असं म्हणायचं. मी म्हणायचे, तुम्ही जा. ते म्हणायचे, नाही नाही, तुझं होऊ दे. बघता बघता दोन्ही बाजूंना रांग लागली. त्यातले एक आजोबा म्हणाले, "माझं जरा अर्जंट आहे, पण तू घाई करू नकोस."

असं सांगितल्यावर कोण घाई करणार नाही?

त्यातून खोलीत उजेड नव्हता. पूर्वी गॅलरीतून दुपारी भरपूर ऊन यायचं. आता समोर टॉवर झालाय, त्यामुळे चार वाजताच दिवे लावावे लागतात. तेव्हा वेगळा मोठा फ्लॅश आला. कॅमेऱ्यावर लावून सरळ मारला तर आईबाबांच्या मागे भिंतीवर त्यांच्या दोन काळ्याकुट्ट सावल्या पडल्या आणि दोघं पोलिसांनी पकडून आणल्यासारखी दिसायला लागली. मग फोटोग्राफीच्या पुस्तकात सांगितलं होतं तसं मी फ्लॅश खोलीतल्या फ्रिजवर ठेवला, त्याचं तोंड वर छताकडे केलं आणि बाहेरून कॅमेऱ्याने तो उडवला. छतावर आपटून प्रकाश मऊ होऊन खाली येतो.

आला. मऊ होता आणि हिरवा होता.

आमच्या खोलीचं छत पिस्त्याच्या रंगाचं आहे. आईने हट्टाने लावून घेतलेला ऑइल पेंट. प्रकाश ज्याच्यावर आपटतो त्याचा रंग घेऊन येतो, हे पुस्तकात पुढच्या पानावर होतं. फोटोत बाबा आजारी दिसत होते, आई त्याहून आजारी, आणि हिंदमाताची जांभळी साडी चिखलाच्या रंगाची झाली होती. आईला साडीचं जास्त लागलं. "आजारी दिसले तर चालेल एक वेळ," ती म्हणाली, "पण साडी बघून तुझी मावशी काय म्हणेल?"

शेवटी पांढरी डबल बेडची चादर काढली आणि कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांना बांधून छताखाली ताणली. बाबा स्टुलावर चढून गाठी मारत होते, आई खालून स्टूल धरून "पडाल, पडाल" म्हणत होती. चादर बसली आणि एकदम सगळं जमलं. साडी जांभळी, चेहरे माणसांसारखे, सावल्या नाहीशा. मी खूश होऊन फोटोमागून फोटो काढले.

सगळ्यांत बाबांचे डोळे मिटलेले होते.

तीनवर काढते असं सांगून मी दोनवरच बटण दाबून बघितलं. न सांगता दाबून बघितलं. बाबांना आधी डोळे मिटायला सांगून मग उघडायला लावलं. "मोठे करा, बाबा." ते एवढे मोठे करायचे की आईला हसू यायचं, आणि फोटोत पुन्हा मिटलेले. बाबा रडकुंडीला आले. "मी खरोखर उघडे ठेवतंय गो," ते म्हणाले. आता त्यांचा आवाज चिडका नव्हता. मला वाईट वाटलं. आयुष्यभर आम्ही सगळे त्यांना हसलो होतो.

उलगडा झाला तो शेजारच्या काकींमुळे, आणि तोही त्यांना न कळता. काकी सुरुवातीपासून रांगेत उभ्या राहून हा सगळा प्रकार मोबाइलवर घेत होत्या, चाळीच्या ग्रुपवर टाकायला. त्यांच्या फोनमधला व्हिडिओ गेले कित्येक महिने स्लो मोशनवर अडकलेला आहे. तो कसा काढायचा हे त्यांना ठाऊक नाही आणि कोणी सांगितलेलं त्यांना पटत नाही. त्यामुळे ग्रुपवर त्यांनी टाकलेल्या गणपतीच्या आरत्या पाण्याखाली चालल्यासारख्या दिसतात.

"बघ, कसा छान आलाय," म्हणून त्यांनी मला तो दाखवला. आईबाबा स्टुलांवर बसलेत. फ्रिजवर एक बारीकसा उजेड चमकतो. मग अगदी सावकाश, दुकानाचं शटर खाली यावं तशा, बाबांच्या पापण्या खाली येतात. पूर्ण मिटतात. आणि मग खोलीभर लख्ख उजेड होतो.

"काकी, परत लावा!" मी ओरडले.

फ्लॅश दोनदा लागत होता. ऑटोमॅटिक ठेवला की तो आधी एक छोटा उजेड टाकून अंदाज घेतो आणि मग खरा मारतो. दोन्ही इतके पाठोपाठ की आपल्याला एकच वाटतो. आईला काही कळायचं नाही. बाबांच्या पापण्या मात्र पहिल्याच उजेडाला निघायच्या आणि दुसऱ्याच्या वेळी बरोबर पोचायच्या. बाबा खरं बोलत होते. फोटो निघतोय असं त्यांना वाटत होतं तेव्हा डोळे उघडेच होते.

"बघा!" बाबा स्टुलावरून उठून रांगेतल्या लोकांना सांगायला लागले. "बघितलात मा? मी पयल्यापासून सांगतंय!" अर्जंट असलेल्या आजोबांनी त्यांचं अभिनंदन केलं आणि ते एकदाचे पुढे गेले.

लग्नाच्या अल्बमचा खुलासा मात्र अजून झालेला नाही. तेव्हाचे फ्लॅश एकदाच लागायचे. तिथे होमाचा धूर धरून चालायचं असं ठरलं.

मी फ्लॅशचं ऑटोमॅटिक बंद केलं, किती उजेड टाकायचा ते हाताने लावलं, दोनतीन वेळा कमीजास्त करून बघितलं आणि बटण दाबलं. एकदाच लखलखलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर बाबा माझ्याकडे बघत होते. उघड्या डोळ्यांनी, सरळ, न हसता. मी धावत आत जाऊन आईला दाखवलं.

आईने एक नजर टाकली आणि तिचा हात आपोआप डोक्यावर पदर घ्यायला गेला. "अगं बाई," ती म्हणाली, "मामंजी!"

आजोबांना, म्हणजे बाबांच्या वडिलांना, मी पाहिलेलं नाही. फार कडक होते म्हणतात. त्यांचा गावाकडे एकच फोटो होता, तो वाळवीने खाल्ला. बाबा जिवंत समोर असताना कधी तसे वाटत नाहीत, कारण त्यांचा चेहरा सारखा हलतो, डोळे किलकिले होतात. पण लेन्सने त्यांना एका जागी धरून ठेवलं आणि त्यातून सासरे बाहेर आले. आई म्हणाली, "दुसरा काढ. ह्यांच्यासमोर मला जेवायला जमायचं नाही." पण बाबांना तो फारच आवडला होता. ते कॅमेराच हातात घेऊन आरशासमोर उभे राहिले आणि भुवया तशा करून बघायला लागले. तोच मोठा करून फ्रेम केला.

समारंभ परळच्या एका लहान हॉलमध्ये झाला. फोटो दारातच ठेवला होता. गावाहून बाबांची मोठी बहीण, माझी आत्या, आली. ती पायऱ्या चढून वर आली, फोटो बघितला आणि तिथेच थांबली.

"माज्या बापाशीचो फोटो," ती म्हणाली. "ह्यो खंय गावलो तुमका?"

तिचे डोळे भरून आले होते. तेवढ्यात आई मागून म्हणाली, "वन्सं, मग त्यांच्या बाजूला बसलेली मी कोण?"

आत्या हसली, पण फोटोवरून नजर काढेना. जाताना मला बाजूला घेऊन तिने हळूच सांगितलं की तिला एक प्रत पाहिजे. "तुज्या आवशीक तेवढी काढून टाक." मी आईला न सांगता अर्धा फोटो कापला आणि गावी पाठवून दिला.

त्या मे महिन्यात आम्ही तिघं गावी गेलो. बाबा माजघरात शिरले आणि जागच्या जागी उभे राहिले. भिंतीवर ते होते. फ्रेमला अबोलीचा हार, खाली उदबत्ती. आई दारामागे जाऊन तोंडात पदर कोंबून हसायला लागली.

"अगो, ह्यो मी!" बाबा म्हणाले.

"म्हायत आसा माका," आत्या शांतपणे म्हणाली. "पण दिसता कोण? आपले बाबा दिसतत. हात जोड."

लहानपणापासून बहिणीला उलट बोलायची बाबांना सवय नाही. त्यांनी पायांत तशाच राहिलेल्या चपला बाहेर नेऊन ठेवल्या, परत आत आले आणि स्वतःच्या फोटोला हात जोडून नमस्कार केला.

जेवणं झाल्यावर आत्या माझ्याकडे बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आमच्या आयचो पण नाय आसा फोटो. तू अगदी तिच्यावर गेलंस." मी नाही म्हणायच्या आत तिने ट्रंकेतून नऊवारी काढली. अर्ध्या तासात मी आजीचं लुगडं नेसून, खोटी नथ घालून खळ्यात, घरापुढच्या अंगणात, खुर्चीवर बसले होते, आणि माझा कॅमेरा बाबांच्या हातात होता.

"खंयचा बटण दाबूचा?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. लेन्स पंच्याऐंशीचीच होती, पण आता खळं मोकळं होतं, गॅलरी नव्हती, बादल्या नव्हत्या. बाबा डोळा कॅमेऱ्याला लावून एक पाऊल मागे गेले, मग आणखी एक. "तुझा फक्त नाक दिसता," असं म्हणत ते मागे मागे निघाले. मी नथ सांभाळत, हनुवटी वर करून, आजीसारखी बसले होते.

"अहो!" आई पडवीतून किंचाळली. "मागे विहीर आहे!"