तोंड पुसू नका

“बेन, अहीं आवो. मोढुं लूछता नहीं.”

इकडे या, तोंड पुसू नका. सेठ असं म्हणाला तेव्हा माझा पदर कपाळाच्या अर्ध्या वाटेवर होता. तो तिथेच थांबला. पदर माझा, तोंड माझं, घामही माझाच. हुकूम सेठचा.

सुरतेचा उन्हाळा होता. गोडादऱ्याहून शेअर रिक्षात दोन धष्टपुष्ट बायांच्या मध्ये लोणच्यातल्या फोडीसारखी दबून मी सेठच्या फोटो स्टुडिओत पोचले होते. स्टुडिओतला एसी शूटिंगच्या खोलीला आणि गिऱ्हाइकांच्या सोफ्याला. माझा कॉम्प्युटर मागे, प्रिंटरच्या गरम वाफेशेजारी. माझं नाक मुळात चकाकणारं. नवरा सचिन भागातल्या एका डाइंग मिलमध्ये कामाला आहे. तो म्हणतो, “लाइट गेली की हिला मधे बसवा, पोरगी अभ्यास करीन.” घरात आम्ही सगळे यावर हसतो. मीही.

सोफ्यावर एका मिलमालकाची बायको आणि तिची लग्न झालेली मुलगी बसली होती. अल्बममध्ये मुलीचा चेहरा चमकतो, अशी बाईची तक्रार. लग्नात दिवे, मेकप, होमाचा धूर, चमकणारच. ती चमक काढणं हेच माझं काम. सेठनं नुसतं ‘निघेल’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण त्याला दाखवायचं होतं.

त्यानं जवळून, तोंडावर फ्लॅश मारून माझा फोटो काढला. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर लावला. माझं नाक दाराएवढं झालं. कपाळावर पांढरा डाग. गालांवर दोन. हनुवटीवर घामाचा थेंब, तोही लाडवाएवढा.

“जुओ, तेल ज तेल,” सेठ म्हणाला. बघा, नुसतं तेल.

बाईनं तोंडावर हात धरला. “मारी दीकरी कंई आवी थोडी छे?” माझी मुलगी काय अशी थोडीच आहे?

“ना ना, बेन. आ लोकोनी चामडी ज एवी.”

या लोकांची कातडीच तशी. मग माझ्याकडे वळून, “चलो बेन, काढो.”

आणि मी काढली.

खुर्चीत बसले, माऊस धरला, माझ्याच कपाळावर झूम केलं. शेजारच्या कातडीचा रंग उचलायचा, चकाकत्या जागेवर हलक्या ब्रशनं पसरायचा, कडा विरघळवायच्या. सुरतेतल्या किती नवऱ्यामुलींची चमक मी अशी पुसली आहे. सेठ म्हणाला अर्धंच तोंड करा, म्हणजे फरक दिसेल. मी अर्धं केलं. तो म्हणाला, “थोडुं गोरुं पण करो.” मी तेही केलं. गालाखालची कड छान जुळली, असंही माझ्या मनात आलं. खरंच आलं.

“खोटुं न लगाडता, बेन,” सेठ म्हणाला. वाईट वाटून घेऊ नका. माझ्यासाठी चहा मागवला. मी प्यायले. साखर बरोबर होती.

वाईट वाटलं का? काही वाटलं नाही. पाय मुंग्या येऊन बधिर होतो आणि मग तो आपला आहे की खाटेचा तेच कळत नाही, तसं.

आठवडा उलटला नाही तोच स्टुडिओच्या काचेच्या दारावर पोस्टर लागलं. एकच तोंड, मधोमध रेघ. डावीकडे ‘पहेलां’, उजवीकडे ‘पछी’, म्हणजे आधी आणि नंतर. मला कुणी विचारलं नाही. दाराचा दांडा माझ्या ‘पहेलां’वाल्या गालाशेजारी. येणारा-जाणारा गालाला हात लावून आत यायचा. सकाळी काच पुसायचं काम माझ्याकडेच होतं. म्हणजे तोंड पुसायची परवानगी शेवटी मिळाली, फक्त काचेवरचं.

मी रोज ते पुसलं. नंतर नंतर तर बोटांचे ठसे निघाले की नाही एवढंच बघायची.

एका संध्याकाळी घरी गवार मोडत बसले होते. पोरगी कॉलेजातून आली, शेजारी बसली, मूठभर शेंगा ओढून घेतल्या. खाली मान घालूनच म्हणाली, “आज आम्ही तुझ्या दुकानासमोरून गेलो. माझी फ्रेंड म्हणाली, ए, आ तो तारी मम्मी जेवी लागे छे. तुझ्यासारखीच दिसते म्हणे.”

“मग?”

“मी म्हटलं, ना रे.”

मी पुढची शेंग उचलली, मोडली.

“बरं केलंस,” मी म्हणाले.

त्यानंतर ती सारखी तोंड धुवायला लागली. आजीला डोक्यावर तेल घालू देईना. मोबाइलवर फोटो काढला की माझ्याकडे पाठवायची, “मम्मी, शाईन काढ ना.” मी काढायची. आई म्हणून लेकीसाठी दुसरं काय करता येत होतं मला?

श्रावणात कानबाई बसली. आमच्या खानदेशी माणसांचं सुरतेत घर खोलीएवढं असलं तरी कानबाईला कोपरा असतोच. नारळावर डोळे, नथ, दागिने. रात्रभर दिवा, दुसऱ्या दिवशी सकाळी वाजतगाजत तापीवर. यंदा आमची पाळी. सासूबाईंनी देवी डोक्यावर घेतली, आम्ही बाया पुढे नाचलो. मीही नाचले. माझं नाचणं म्हणजे गॅसचं सिलेंडर सरकवावं तसं, पण नाचले. पोरीनं सगळ्यांचा फोटो काढला.

तो मी स्टुडिओत जेवणाच्या सुट्टीत घेऊन बसले. एकेकीचं कपाळ, गाल, नाक केलं. मोठी प्रिंट काढली, फ्रेम करून घरी नेली.

सासूबाईंनी फ्रेम हातभर लांब धरली. बराच वेळ बघितली.

“माय वं! कानबाईना तोंडवर राख कोणी फासी? आनि आपू बठा मरेल शेतस का?” आपण सगळ्या मेलेल्या आहोत का?

नवरा हसायला लागला आणि मधेच थांबला.

मी बघितलं. सगळ्या बाया कोरड्या पिठासारख्या. कुणाच्या नाकावर उजेड नाही, ओठावर ओल नाही. नुसत्या उभ्या. हात हवेत. आणि मधोमध कानबाई. सवयीनं हात फिरला असणार, तिचीही चमक मी पुसून टाकली होती. देवीचा नुसता नारळ उरला होता.

आमच्या कामात शिकवतात, चमक सगळी काढायची नाही. नाकाच्या शेंड्यावर, खालच्या ओठावर जराशी ठेवायची, नाहीतर माणूस मढं दिसतं. त्या मिलमालकाच्या लेकीला मी ती ठेवली होती. प्रत्येक नवरीला ठेवते. आमच्यातल्या एकीलाही ठेवली नव्हती.

पोरगी माझ्या खांद्यावरून फ्रेम बघत होती. म्हणाली, “मम्मी, ओरिजिनल आहे ना? तो लाव. हा नको.”

दुसऱ्या दिवशी मी स्टुडिओत पोचले. तशीच घामाघूम. सोफ्यावर नवं गिऱ्हाईक. दारावरच्या पोस्टरचा कोपरा सुटला होता, सेठला नवं करायचं होतं. कॅमेरा त्याच्या हातातच.

“बेन, अहीं आवो. मोढुं लूछता नहीं.”

मी पदर घेतला. कपाळ पुसलं. नाक पुसलं. मान पुसली, सावकाश, मागून पुढून. मग अल्बम कापायचं ब्लेड घेतलं आणि दारापाशी जाऊन पोस्टर खरवडायला लागले.

“आ शुं करो छो?”

“माझं तोंड आहे. काढतेय.” मराठीत म्हणाले. एवढी वर्षं त्याला मराठी समजत नव्हती. त्या दिवशी समजली.

“नोकरी करवी छे के नहीं?”

“करायची आहे. फोटोतली चमक काढायची नोकरी आहे माझी. दारावर तोंड द्यायची नाही.”

गिऱ्हाईक उठून उभं राहिलं. सेठनं कॅमेरा खाली ठेवला. उद्या मला आत घेईल की नाही, मला माहीत नाही. घेतलं तर त्याच खुर्चीत बसेन. नाही घेतलं तर सुरतेत दुसरी दारं आहेत, आणि तिथेही कुणीतरी कॅमेरा घेऊन बसलेलं असेल, हेही मला माहीत आहे.

काचेवर गोंदाचे डाग राहिलेत. ते मी पुसणार नाही. आणि तोंड पुसायचं की नाही, ते मी ठरवीन.