माटोळीचा चौथा ढीग

असलं लिहिणाऱ्यांना मी आजवर थापाडेच म्हणत आलो. जन्म मायनिंगचा ट्रक चालवण्यात गेला. खाणीच्या रस्त्यावर अमकं दिसतं, तमकं दिसतं म्हणून बाकीचे ड्रायव्हर सांगायचे... मला धुळीशिवाय काही दिसलं नाही. शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चुकलं तर सांभाळून घ्या, पण खोटं म्हणू नका.

डिचोली तालुका, मुळगाव, आमचंच घर. गणपतीची चवथ जवळ आलेली, भर दुपार. बायको जाऊन वर्ष उलटलेलं. माटोळी — गणपतीच्या डोक्यावर टांगतात ती लाकडी चौकट, फळं-शेंगा बांधलेली — दरसाल तीच बांधायची. मी सुनेला बजावलं होतं, यंदा माटोळी नाही. बायकोच्या जागी दुसऱ्या कुणाचे हात मला बघवणार नव्हते.

सून सावंतवाडीची. लग्न यंदाचंच, सासू फक्त फोटोत पाहिलेली. मुलगा बोटीवर. ती घरूनच लॅपटॉपवर काम करते. तिची कंपनी नवीन भाषा बनवते — माणसांनी बोलायची नव्हे, कॉम्प्युटरला काम सांगायची. त्यातलं एक फंक्शन हिच्याकडे. वस्तूंची रांग द्यायची, तिला ती अ‍ॅरे म्हणते, आणि एक नियम द्यायचा. नियमाचं सारखंच उत्तर येणाऱ्या वस्तू एका ढिगात.

"म्हणजे भाजी निवडणं," मी म्हटलं. "त्याला इंजिनियर कशाला?"

"एखाद्या वस्तूला उत्तरच आलं नाही तर काय करायचं, ते ठरवायला! आम्ही ठरवलंय, ती सोडून द्यायची."

"सोडून देतेस? छान!"

ती हसली. म्हणाली, "बाबा, ट्रायल घ्यायचीय. माटोळीचं सामान सांगा ना. काय-काय, आणि कुठून येतं."

"बांधायची नाही म्हणून सांगितलं ना तुला?"

"बांधू नका हो. नुसतं सांगा."

चलाख आहे. मी सांगत गेलो. नारळ, तवसं म्हणजे मोठी काकडी, सुपारीचं शिपटं म्हणजे अख्खा घड — परसातलं. घागऱ्यांच्या नि कुड्याच्या शेंगा, कवंडळं ही रानफळं — डोंगरातली. चिबूड, लिंबाच्या जातीतली मोठी तोरिंगं — बाजारातली. कुठून आलं, हाच नियम. तिने बटण दाबलं.

परस, डोंगर, बाजार. ढीग तीन व्हायचे, झाले चार. चौथ्याला नावच नाही. त्यात सुपारीचं शिपटं, कवंडळं, तोरिंगं.

"हे कसं शक्य आहे?" ती पुटपुटली. "तिन्हींना उत्तर आहे, बाबा. आणि नसतं तरी ती गळून जायला हवीत. बिननावाचा ढीग करायचं मी लिहिलेलंच नाही!" पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

 मी तिथेच बसलो.

कारण हे तीन जिन्नस बायको दरसाल वेगळे काढायची. सुपात ठेवून वर ओलं फडकं. बाकीच्याला मी हात लावला तर चाले, या तिन्हींना नाही. सगळ्यांत शेवटी, रांधपाच्या खोलीच्या दाराकडच्या कोपऱ्यात, स्वतः बांधायची. का म्हणून विचारलं की, "तुमका कित्याक जाय?", तुम्हाला कशाला हवं, एवढंच म्हणून तोंड फिरवून हसायची. मी हे कुणाला सांगितलेलं नव्हतं. मुलाला तर कवंडळ आणि काकडी सारखीच.

सुनेने संध्याकाळी ऑफिसच्या माणसांना तेच चालवून दाखवलं. ढीग तीनच! ते हसले. ती मात्र जेवली नाही, सारखी कोडच वाचत बसली. मी दारापुढच्या बल्कांवावर, ओट्यावर, येरझारा घालत होतो. आत गेलो की बाहेर यावंसं वाटे, बाहेर आलो की आत.

शेवटी चवथीच्या आदल्या दिवशी मीच माटोळी बांधली. ते तिन्ही जिन्नस मी सुपात काढले, शेवटी त्याच कोपऱ्यात बांधले.  सून खालून स्टूल धरून म्हणाली, "नीट बांधा हां बाबा, सासूबाई बघतायत."

मला एकदम राग आला. "बघते तर बोलत का नाही?" मी ओरडलो. "ढीग करता येतात तिला! मग एकदा पूर्वीसारखी 'आयकलंत?' म्हणून हाक मारायला काय झालं?"

 सून तशीच स्टूल धरून उभी राहिली. मी वरच, कान देऊन... किती वेळ, ठाऊक नाही. हाक आली नाही. सुनेला कोडमध्ये चूक सापडलेली नाही, मला कारण सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला कळलं तर सांगा. देवा-भुताचं नको... तिचं सांगा.