साळूबाईच्या बंदुकीचा दस्ता

टेंभुर्णीच्या अजमत मिस्त्रीनं उभ्या आयुष्यात वखरं केली, पाळणे केले, नवऱ्या मुलींची कपाटं केली. पण बंदूक काही कधी त्याच्या दुकानाची पायरी चढली नव्हती. ती चढली पोळा झाल्यावर, साळूबाईच्या काखेतून, जुन्या लुगड्यात गुंडाळून.

साळूबाई जवळच्या वस्तीवरची. वय ऐंशीच्या पुढं, पण काठीबिगर चालणारी. सोबत तिचा भाचा तातेराव होता. तिनं गाठोडं सोडलं तशी आतून एक जुनी रायफल निघाली. तिचे वडील निजामाच्या राज्यात जंगलाचे राखणदार होते, त्यांची. नळी सरकारनं केव्हाच बुजवून दिलेली. आता ती फक्त दसऱ्याच्या पूजेपुरती. पण लाकडाला वाळवी लागली होती. खांद्याला लावायच्या दस्त्याचा निम्मा भुगा झाला होता आणि नळीखालची पट्टी हात लावताच तुटली.

"दसऱ्याच्या आत व्हईल का रं बाबा?"

"व्हईल, मावशी. बिलकुल बराबर करून देतो."

अजमतकडं शिसवाचा एक मुरलेला ओंडका होता. चांगल्या कामासाठी राखलेला. त्यानं तो काढला, अर्धा कापला. लोखंडाला दिव्याची काजळी फासायची, ते लाकडात दाबायचं, काळं उमटेल तेवढंच पटाशीनं खरवडायचं, पुन्हा दाबायचं. लोखंड लाकडात असं बसलं पाहिजे की मधून केससुद्धा जाऊ नये. कपाटाच्या कामात एवढी मजा त्याला कधी आली नव्हती.

एका ठिकाणी मात्र तो अडला. दस्त्यावर गाल टेकायला उथळ खोलगा असतो. तातेरावानं बंदूक धरून दाखवली तेव्हा त्याचा गाल डाव्या अंगाला टेकला होता. जुन्या तुकड्यावर मात्र खोलगा उजव्या अंगाला. 'कुण्या अडाण्यानं उलटाच कोरला,' असं म्हणून अजमतनं तो डाव्या अंगाला घेतला. नळीखाली नवी पट्टी बसवली. जवसाचं तेल चोळलं. शिसव असं झळाळलं की त्याची बायको रहिमाबीही चूल सोडून बघायला आली.

साळूबाई तातेरावाला घेऊन न्यायला आली. तिनं बंदूक उचलली, डाव्या खांद्याला लावली आणि गाल टेकला. पण गालाला खोलगा सापडेना.

"मावशी, उलटी धरली तुम्ही," अजमत हसून म्हणाला.

"उलटी कशी? माझा बाप डावखुरा व्हता. असाच धरायचा. मी शेजारी बसलेली असायचे की!"

अजमतला जुन्या तुकड्यावरचा उजव्या अंगाचा खोलगा आठवला. तातेराव म्हणाला, "राहू द्या मिस्त्री. भिंतीलाच तर टांगायची हाय."

"राहू दे," साळूबाईही म्हणाली. पण तिची बोटं दस्त्याच्या उजव्या अंगावरून फिरत होती, काहीतरी चाचपडत. अजमतनं ते पाहिलं आणि बंदूक हळूच तिच्या हातातून काढून घेतली.

"चार दिस द्या, मावशी."

रहिमाबीनं घरात कपाळाला हात लावला. "वो लोगां चलता बोले ना? फिर?"

"उसके बाप का गाल उधर टिकता था," अजमत म्हणाला आणि उरलेला अर्धा ओंडका ओढून बसला.

या खेपेला हात आपोआप चालत होता. कुणी जुन्या सुतारानं त्या राखणदाराला समोर उभं करून, त्याची धरण्याची तऱ्हा पाहून खोलगा कोरला असेल. त्याला आपण अडाणी म्हटलं, याचं अजमतला हसू आलं. माणूस गेला, सुतारही गेला, पण ते माप सापडलं, याचं बरंही वाटलं.

चार दिवसांनी साळूबाई तातेरावासोबत आली आणि तिनं पुन्हा बंदूक डाव्या खांद्याला लावली. गाल टेकला, डोळे मिटले.

"तंबाखूचा वास तेवढा न्हाई," ती म्हणाली, आणि तिघंही हसले.

दसऱ्याला तिनं अजमत आणि रहिमाबीला वस्तीवर जेवायला बोलावलं. झेंडूच्या माळेखाली बंदूक टेकवलेली होती. साळूबाईनं दोघांच्या हातावर आपट्याची पानं ठेवली आणि नको नको म्हणेपर्यंत पुरणपोळ्या वाढल्या. जेवण झाल्यावर अजमत लिंबाखालच्या बाजेवर जो आडवा झाला, तो उन्हं कलेपर्यंत घोरत राहिला.