मंद आचेवर भाजलेल्या सीडी

मिलिंद गेल्याचा फोन मी घेतला, आणि तो असा काही घेतला की आठवलं की अजून कानाच्या पाळ्या गरम होतात. सकाळचे सात वाजले असतील. अर्ध्या गालाला फेस, हातात दाढीचा ब्रश. दवाखान्यातून सुनंदावहिनी बोलत होत्या, मिलिंदची बायको. "हे गेले," एवढंच म्हणाल्या. आमच्याकडे दवाखान्यातून घरी सोडलं की 'सुट्टी झाली' म्हणतात. मी म्हणालो, "अरे वा, सुट्टी झाली का? कशानं गेले, ऑटोनं?" वहिनी म्हणाल्या, "हो भाऊजी. सुट्टीच झाली." गालावरचा फेस तसाच वाळला. या गोष्टीला आता सहा आठवडे झाले.

मिलिंद माझ्या बायकोचा, शालिनीचा, सख्खा मोठा भाऊ. मला तो जवाईबापू म्हणायचा आणि त्या 'बापू'त मानापेक्षा चिमटा जास्त असायचा. मारेगावजवळच्या एका जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, तो ऑपरेटर होता. कापसाची गाडी काट्यावर चढली की वजनाची पावती कॉम्प्युटरवरून काढायची, हे त्याचं काम. एके काळी हंगामात गाड्यांची रांग पार डांबरी रस्त्यापर्यंत जायची. मग कापसाचे दिवस फिरले. रांग फाटकापर्यंत आली, मग फाटकाच्या आत आली, आणि एका वर्षी दिवाळी उलटली तरी काटा हललाच नाही. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची असे ते दिवस. जिनिंगला कुलूप लागलं. मालक गाव सोडून निघाला तेव्हा मिलिंदला म्हणाला, हे पाच कॉम्प्युटर तू ने, नाही तर भंगारात जातील.

मिलिंदनं ते घरी नेले नाहीत. मारेगावपासून आत एका गावात मुलींची आश्रमशाळा आहे, तिथे बैलगाडीत कडबा अंथरून, त्यावर ठेवून पोचवले. शालिनी चिडली. "दादा, घरी ठेवून क्लास काढला असता त चार पैसे भेटले असते." तो म्हणाला, "घरी कायले? घरी मीच एक शिकणारा. तिथं साठ पोरी हायेत." तिथल्या वंदना मडावी बाईंनी एक खोली झाडून घेतली, दारावर पडदा लावला, आणि 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी टांगली. मशीन सुरू केली तर स्क्रीनवर इंग्रजीत सूचना आली, बूट डिस्क टाका. मिलिंद बाईंना म्हणाला, "पाह्य बाई, तुमी चपला काढाले लावता अन् हे आतून बूट मागून राह्यलं."

बूट डिस्क म्हणजे काय हे मला त्याच्यामुळे कळलं, म्हणजे कळलं असं मला वाटलं. कॉम्प्युटरची सिस्टिम उडाली की तो नुसता डबा. तो पुन्हा जिवंत करायला सिस्टिम असलेली सीडी लागते, आणि ती अशी लिहिलेली असावी लागते की मशीन उठल्या उठल्या तिच्यावरूनच चालू झालं पाहिजे. विकतची सिस्टिम शाळेला परवडणारी नव्हती. मिलिंदनं लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम शोधली. वणीच्या एका सायबर कॅफेत बसून ती इंटरनेटवरून आठ दिवस उतरवली. दोनदा शेवटच्या टप्प्यावर फोनची लाइन तुटली आणि पुन्हा पहिल्यापासून. सीडी 'बर्न' करायची हा शब्द त्याला पटत नसे. "जाळली का राख होते, जवाईबापू. आपण भाजतो. भरताचं वांगं भाजते तशी, मंद आचेवर." म्हणून तो सगळ्यात कमी वेग निवडायचा. आमच्या यवतमाळच्या घरच्या कॉम्प्युटरला सीडी लिहायचा रायटर होता, त्याच्यासमोर अर्धा तास हात मांडीवर ठेवून बसायचा. सीडी बाहेर आली की उन्हात धरून तिच्यावरचा गडद पट्टा बघायचा, मग मार्करनं गावाचं नाव लिहायचा. दर वेळी तीन काढायचा. एक चालायला, एक फुटायला आणि एक कोणीतरी मागून न्यायला.

पण आमच्याकडे लाइन कधी जाईल याचा नेम नव्हता. दिवसाचे बारा-बारा तास भारनियमन. सीडी निम्मी भाजून झाली की हमखास अंधार, आणि निम्मी भाजलेली सीडी कशाच्याच कामाची नाही. त्या वाया गेलेल्या सीड्या त्याच्या गावचे शेजारपाजारचे लोक मागून न्यायचे आणि ज्वारीत दोरीनं बांधायचे, पाखरं हाकलायला. मारेगावच्या रस्त्यानं एसटीत बसलो की शेतात लखलख दिसायची. मी म्हणायचो, "मिलिंदभाऊ, तुमचं काम लय दूरवर पसरलं." तो म्हणायचा, "चिमण्या भेतात ना? मंग झालं. मानसं कुठं कोनाले भेतात." अशी थट्टा आमची कायम चालायची. मी त्याला तोंडावर वेडा म्हणायचो, तो मला कारकून म्हणायचा. दोन्ही खरं होतं.

दर पावसाळ्यात विजेच्या झटक्यानं शाळेतली मशीन आडवी व्हायची आणि मिलिंद सीड्यांची पिशवी घेऊन जायचा, ती उभी करायचा. या वर्षी ती आडवी झाली तेव्हा तोही आडवा होता. दोन्ही किडन्या. त्याला यवतमाळला आणला, आमच्या घराजवळच्याच दवाखान्यात. डॉक्टरांनी मला, शालिनीला आणि वहिनींना बाहेर बोलावून सांगितलं की आता फार काही उरलेलं नाही. शालिनीनं तिथेच ठरवून टाकलं, दादाला यातलं अक्षर कळता कामा नये. तेव्हापासून आम्ही तिघं त्याच्यासमोर पुढच्या हंगामाच्या गोष्टी बोलायला लागलो.

त्याला स्वतःची नाही, त्या पाच मशीनची काळजी होती. शाळेला वरून पत्र आलं होतं की महिनाअखेरपर्यंत कॉम्प्युटर वापरात नसतील तर ते दुसऱ्या शाळेला द्यावेत. बाईंकडच्या जुन्या सीड्या ओरखडे पडून मेलेल्या. मिलिंद मला म्हणाला, "फाइल तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवेल हाय, जवाईबापू. तीन भाजा अन् मारेगावच्या गाडीत डायव्हरजवळ द्या. एवढं करा."

एवढं मी केलं. फाइल धरली, सीडीवर टाकली, बटण दाबलं. पंधरा मिनिटांत तिन्ही तयार. मिलिंद अर्धा-अर्धा तास काय करत बसायचा, असं मनात येऊन मला हसूसुद्धा आलं. मार्करनं गावाचं नाव घातलं, एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती दिल्या आणि ऐटीत दवाखान्यात गेलो. "झाल्या का?" त्यानं विचारलं. "झाल्या. आणि किती नीट. उघडून पाह्यलं तर आत एकच फाइल, बाकी काही पसारा नाही." तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं, कौतुकानं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. "सर, सीडी टाकली तरी ते बूटच मागते." मी म्हणालो, बंद करून पुन्हा चालू करा. त्यांनी चारदा केलं. दुपारी मी दवाखान्यात गेलो तेव्हा मिलिंदचं डायलिसिस नुकतंच झालं होतं, ओठ कोरडे पडले होते. त्यानं नुसत्या भुवया वर केल्या. आणि मी म्हणालो, "बाईंचा फोन होता. पाचही सुरू झाले. पोरी रांग लावून बसल्यात." "बरं झालं, जवाईबापू," तो म्हणाला आणि भिंतीकडे वळला. चार दिवसांनी मी दाढी करत होतो.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर मी तशीच आणखी एक सीडी करून चौकातल्या कॅफेवाल्याला दाखवली. तो पोट धरून हसला. "काका, ती फाइल म्हंजे बंद डबा. डबा उघडून जेवन ताटात वाढाचं होतं. तुमी डबाच ताटात ठेवला." त्यानं मला नीट शिकवलं. मी घरी बसून सगळ्यात कमी वेगानं तीन सीड्या भाजल्या, उन्हात धरून पाहिल्या आणि शाळेत घेऊन गेलो. महिना कधीच संपला होता. खोलीत तांदळाची पोती रचलेली होती. दारावर चपलांची पाटी तेवढी तशीच होती. वंदनाबाई रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "नेले सर. जिथं नेले तिथंही पडूनच हायेत म्हनते," म्हणाल्या आणि चहा सांगितला. माझ्या आधीच्या तीन सीड्या मुलींनी खिडकीला बांधल्या होत्या. वाऱ्यानं फिरत होत्या. तिथे पाखरंही नव्हती.

नव्या सीड्या तशाच परत आणल्या. मिलिंदच्या हातची एक जुनी, ओरखडे पडून मेलेली, आमच्याकडे आधीपासून होती, कोणीतरी मागून न्यायला म्हणून कधीकाळी ठेवलेली. टीव्हीवरच्या डब्यात आता चारही एकत्र आहेत. त्याच्या अक्षरातल्या गावाच्या नावाखाली त्यानं एक छोटी रेघ ओढली आहे. माझ्या सीड्यांवर ती नाही.

त्या संध्याकाळी मी शालिनीला सगळं सांगितलं. सीडी, बाईंचा फोन, दवाखान्यातलं खोटं. शेवटी म्हणालो, एक बरं झालं, तो समाधानानं गेला. ती परातीत कणीक मळत होती. हात थांबले नाहीत.

"तुमी एकच फाइल म्हटली तेव्हाच त्याले समजलं होतं," ती म्हणाली. "मले म्हणे, चालाची नाही ते. बाईचा फोन आला का जवाईबापूले समजावून सांगतो."

"मग दुसऱ्या दिवशी पाचही सुरू झाले म्हटलं, तर बोलला काहून नाही?"

"तुमी बाहेर गेल्यावर बोलला. म्हणे, शालू, जवाईबापू आयुष्यभर मले तोंडावर वेडा म्हणत आले. आज मले बरं वाटावं म्हणून खोटं बोलून राह्यले. म्हंजे माझं आता काही खरं नाही."